एचआयव्हीच्या प्रायोगिक लसीसाठी नाव द्यावं का?

विचारणारा तरुण २६ वर्षांचा, भांडुपचा, खासगी बँकेत नोकरीला. तब्येत ठणठणीत, वर्षातून दोन-तीनदा रक्तदान करणारा. परदेशात एचआयव्हीच्या प्रायोगिक लसींच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्या निरोगी माणसांवर होतात आणि पूर्वी पुण्यातही झाल्या होत्या, हे त्याने वाचलं. उद्या मुंबईत अशी चाचणी आली तर नाव द्यायची त्याची इच्छा आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चांगल्या अंगात रोग कशाला भरून घेतोस?" त्याचे प्रश्न तीन आहेत. लसीमुळेच एचआयव्ही होऊ शकतो का? लस घेतल्यावर मी सुरक्षित होईन का? आणि पुढे आयुष्यात याची काही अडचण येते का?

उत्तरं आधी देऊन टाकते. लसीमुळे एचआयव्ही होत नाही. लस घेतल्यामुळे तुम्ही सुरक्षितही होणार नाही. आणि हो, अडचण येऊ शकते. ती काय असते हे नीट कळल्याशिवाय नाव देऊ नका.

मी परळ भागात क्लिनिकल ट्रायल्समध्ये डॉक्टर म्हणून काम करते. स्वयंसेवकांची संमती घेणं, डोस दिल्यावर त्यांच्यावर लक्ष ठेवणं, काही बिनसलं तर रात्री-अपरात्री फोन उचलणं हे माझं रोजचं काम. त्याआधी बरीच वर्षं एचआयव्हीच्या रुग्णांना एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, देण्यात गेली. ही लस यावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तिच्यासाठी कुणी अर्धवट समजून हात पुढे करावा हे मला सहन होत नाही.

आता तुमच्या आईच्या प्रश्नाकडे येते, कारण तो अडाणीपणाचा नाही. आपण लहानपणी पोलिओचे जे थेंब घेतले त्यात जिवंत, पण कमजोर केलेला विषाणू होता. गोवरच्या लसीतही असतो. त्यामुळे "लस म्हणजे थोडासा रोग" ही समजूत हवेतून आलेली नाही. पण एचआयव्हीच्या बाबतीत हा रस्ता संशोधकांनी माणसांसाठी घेतलेलाच नाही. हा विषाणू पेशीच्या जनुकांमध्ये घुसून कायमचा ठाण मांडतो. कमजोर केलेला विषाणू शरीरात पुन्हा बळकट झाला तर तो परत काढता येणार नाही, म्हणून तो धोकाच पत्करला जात नाही. या लसींमध्ये विषाणूचा एखादा तुकडा असतो, किंवा तो तुकडा कसा बनवायचा याची सूचना असते. कधी ही सूचना निरुपद्रवी विषाणूच्या आत घालून देतात, कधी डीएनए म्हणून, आणि अलीकडे कोविडच्या काही लसींसारखी एमआरएनए म्हणून. अख्खा विषाणू त्यात नसतोच, त्यामुळे त्यातून संसर्ग होणं शक्य नाही.

पुण्याचं तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे 'नारी'त, भारतातली एचआयव्ही लसीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. स्वयंसेवक ३० होते. आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या 'सी' उपप्रकाराचे जनुकांश एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूत घालून ती लस बनवली होती. २००६ मध्ये चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात एमव्हीए नावाच्या कमजोर केलेल्या विषाणूवर बसवलेली दुसरी लस ३२ जणांना देऊन पाहिली. पुढे २००९ मध्ये पुणे आणि चेन्नई मिळून आधी डीएनए लस आणि मग एमव्हीए लस, असा जोडीचा प्रयोग झाला. या लसी सुरक्षित ठरल्या. पण पुण्याच्या लसीला शरीराने दिलेलं उत्तर बेताचंच होतं आणि ती तिथेच थांबली. पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक लसींचं हेच होतं. नाव देताना हे धरूनच चालायला हवं.

सुरक्षिततेबद्दल बोलताना एक गोष्ट मी कधीच गाळत नाही, ऐकणारा घाबरेल असं वाटलं तरी. 'स्टेप' नावाच्या अभ्यासात सुमारे ३,००० लोकांनी भाग घेतला होता. लस एडिनोव्हायरस ५ या सर्दीच्या विषाणूवर बसवलेली होती. सप्टेंबर २००७ मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला. लसीने संरक्षण तर दिलं नाहीच, उलट ज्या पुरुषांच्या अंगात या सर्दीच्या विषाणूविरुद्ध आधीच प्रतिकारशक्ती होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती, त्यांच्यात लस घेतलेल्यांना एचआयव्हीची लागण जास्त झाली. लागण लसीतून झाली नव्हती, ती नेहमीच्या मार्गानेच झाली. पण लस घेतल्यानंतर दार थोडं जास्त उघडं राहिलं असावं. पहिल्या टप्प्यात हे दिसलं नव्हतं आणि दिसणं शक्यही नव्हतं. पन्नास-शंभर कमी जोखमीच्या माणसांत असली गोष्ट कळत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की चाचणीच्या काळात आणि नंतरही स्वतःला लस न घेतलेला माणूस समजूनच वागा. कंडोम वापरत असाल तर तो सोडायचा नाही.

पहिल्या टप्प्याला फक्त दोन गोष्टी विचारायच्या असतात. ही लस माणसाला सोसते का, आणि ती दिल्यावर शरीर काही उत्तर देतं का? ती लागण रोखते का, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नसतो. तो प्रश्न हजारो लोकांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ठेवलेला असतो. म्हणूनच पहिल्या टप्प्यासाठी ज्यांना लागण होण्याची शक्यता कमी आहे अशीच माणसं निवडतात. अर्थात कमी आहे की नाही हे ठरवायला तुमच्या लैंगिक आयुष्याबद्दल थेट प्रश्न विचारावे लागतात. जोडीदार किती, कंडोम वापरता का, कधी सुईने नशा केली आहे का, असे. भांडुपच्या दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे प्रश्न अनोळखी डॉक्टरने विचारणं अवघड जातं. चांगल्या केंद्रात हे बोलणं बंद खोलीत, एकट्याशी होतं. घरी येणाऱ्या फोनवर किंवा पाकिटावर 'एचआयव्ही' हा शब्द येत नाही. पहिल्या भेटीतच विचारा, "फोन आईने उचलला तर तुम्ही काय सांगाल?" याचं उत्तर समोरच्याकडे तयार नसेल तर तिथून उठा.

निवड झाल्यावर काय होतं तेही सांगते. आधी अगदी थोड्या लोकांना सगळ्यात लहान डोस देतात. पहिल्या एक-दोघांना दिल्यावर काही काळ थांबून पाहतात, मगच पुढच्यांना. सुरक्षितता पाहणाऱ्या समितीने हिरवा कंदील दिला की डोस वाढतो. काहींना लस मिळते, काहींना नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालं हे तुम्हालाही ठाऊक नसतं आणि बहुतेकदा मलाही नसतं. टोचल्यानंतर निदान अर्धा तास आमच्या डोळ्यांसमोर बसावं लागतं. घरी जाताना हातात थर्मामीटर, एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी आणि रोज भरायचं कार्ड मिळतं. रोज संध्याकाळी ताप बघायचा, दंडावरची लाली पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहायची. अंग दुखलं का, थकवा आला का, जेवण गेलं का, तेही लिहायचं. लोक कंटाळतात आणि आठवड्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच बैठकीत सगळे दिवस भरून आणतात. ते लगेच ओळखू येतं. तसं करू नका. तिसऱ्या रात्री तुम्हाला १०१ ताप आला होता ही नोंद पुढच्या माणसाचा डोस ठरवते.

मग रक्त. एकेका भेटीत दहा-बारा नळ्या काढल्या तर दचकू नका. ते रक्त काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावं लागतं. तिथे एका जड द्रावणावर हळूच ओतून ते यंत्रात फिरवतात. लाल पेशी तळाला बसतात आणि मधोमध पांढुरक्या धुक्यासारखी एक पातळ कडी तरंगते. त्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी. हात न हलवता पिपेटने तेवढी कडी उचलायची, पेशी मोजायच्या आणि द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायच्या. उशीर झाला तर पेशी मरतात आणि तुमची ती अख्खी भेट वाया जाते. जुलैमध्ये हिंदमाताला पाणी भरलं, कुर्ला-शीवला गाड्या अडकल्या की आमच्या पोटात गोळा येतो तो यासाठी. भेटीच्या तारखा ठरलेल्या असतात आणि पुढे-मागे सरकायला जेमतेम काही दिवस असतात. साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त हे चालतं. नोकरीतून इतक्या वेळा सुटी मिळेल का, याचा विचार आत्ताच करा.

इतकं सगळं कशासाठी, असं वाटेल. माझा जीव ज्यात अडकला आहे तो भाग आता येतो. एचआयव्हीचा बाहेरचा काटा साखरेच्या आवरणाने झाकलेला असतो आणि तो सतत रूप बदलतो. त्याच्या बहुतेक रूपांना निष्प्रभ करतील अशा अँटिबॉडी काही थोड्या रुग्णांच्या शरीरात तयार होतात, पण लागण झाल्यावर, बऱ्याच काळानंतर. निरोगी माणसात त्या लसीने घडवायच्या तर आधी त्या बनवू शकणारी मूळ पेशी गाठावी लागते. यातल्या एका महत्त्वाच्या जातीच्या मूळ पेशी, अँटिबॉडी बनवणाऱ्या साधारण तीन लाख पेशींत एक, इतक्या विरळ असतात. लालबागच्या राजाच्या रांगेत एकच ठरावीक माणूस शोधून त्याच्या हातात चिठ्ठी द्यावी, तसं हे काम. वॉशिंग्टन आणि सिएटलमध्ये ४८ जणांवर झालेल्या एका पहिल्या टप्प्यातल्या चाचणीने हे करून दाखवलं. प्रत्यक्ष लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांमध्ये नेमक्या त्याच पेशी जाग्या झाल्या. निष्कर्ष २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. त्या ३५ जणांपैकी कुणालाही एचआयव्हीपासून संरक्षण मिळालेलं नाही. ही फक्त पहिली पायरी होती. पुढे वेगवेगळ्या लसी एकामागून एक देऊन त्या पेशींना शिकवत न्यायचं आहे, आणि त्यातलं बरंच काम अजून बाकी आहे. पण तो वाट दाखवणारा निकाल ४८ माणसांच्या दंडातून आला.

दुसरं उदाहरण एमआरएनए लसींचं. एचव्हीटीएन ३०२ या चाचणीत १०८ जण होते. विषाणूचा काटा पेशीच्या पडद्याला चिकटलेला राहील अशा लसी ज्यांना मिळाल्या, त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के लोकांमध्ये लसीशी जुळणाऱ्या विषाणूच्या त्या एका रूपाला रोखणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या. पडद्यापासून सुटा काटा ज्यांना मिळाला, त्यांच्यात हेच प्रमाण फक्त ४ टक्के होतं. इतका स्पष्ट फरक प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून खात्रीने सांगता आला नसता. पण याच चाचणीत ७ जणांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या आणि त्यातल्या काहींचा त्रास बरेच आठवडे टिकला. आणखी एका छोट्या अमेरिकन चाचणीत, एचव्हीटीएन १३३ मध्ये, एका स्वयंसेवकाला तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया आली. तो वाचला, पण चाचणी थांबवली. संशय लसीतल्या पीईजी या घटकावर होता. तो घटक कितीतरी औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत असतो. तुम्हाला कधी औषधाने गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, तर ते आम्हाला सांगाच. "त्यात काय एवढं" म्हणून लपवू नका.

आता कागदाची अडचण. स्वयंसेवकांना याबद्दल पुरेसं सांगितलं जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एचआयव्हीची नेहमीची तपासणी विषाणू नव्हे, तर मुख्यतः त्याविरुद्धच्या अँटिबॉडी शोधते. लस नेमक्या त्याच बनवायला सांगते. त्यामुळे लागण नसतानाही तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. हे क्वचित होतं असं समजू नका. अमेरिकेत लागण न झालेल्या २,१७६ स्वयंसेवकांची तपासणी केली तेव्हा ९०८ जणांचे, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के लोकांचे, अँटिबॉडी रिपोर्ट पॉझिटिव्ह आले होते. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. लस कोणती आणि तपासणीचा किट कोणता यावर हे अवलंबून असतं, आणि काही जणांत हा प्रकार कित्येक वर्षं टिकतो. आपल्याकडे आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या किटने तीनदा तपासून निदान करतात. पण तिन्ही किट अँटिबॉडीच शोधत असतील तर तिन्ही वेळा तेच उत्तर येऊ शकतं. खरं-खोटं करायला विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी, म्हणजे नॅट किंवा पीसीआर तपासणी लागते.

आता मुंबईतलं तुमचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. उद्या आखातात नोकरी लागली तर व्हिसाच्या मेडिकलमध्ये एचआयव्हीची तपासणी असते, आणि तिथला माणूस तुमचं चाचणीचं कार्ड बघायला थांबणार नाही. मोठ्या रकमेचा आयुर्विमा काढायला गेलात तरी रक्त तपासतात. हर्नियाच्या साध्या ऑपरेशनआधीही तपासतात. स्त्री स्वयंसेवकाला पुढे गरोदरपणात तपासणी होते, आणि रिपोर्ट सासूबाईंच्या हातात पडला तर काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीसाठी किंवा उपचारांसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालायला तो मनाई करतो, आणि कुणाची माहिती फोडायलाही. कायदा चांगला आहे. पण दुबईच्या मेडिकल सेंटरवर तो चालत नाही आणि चाळीतल्या कुजबुजीवरही नाही.

आणि तुमचं रक्तदान. ते थांबेल. चाचणीत असताना तर थांबेलच, आणि रिपोर्ट तसा येत राहिला तर पुढेही. गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात दरवर्षी पहिलं नाव तुमचं असतं आणि यंदा नाही, याचं कारण मित्र विचारतील. काय सांगायचं ते आधी ठरवा.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा की नॅट तपासणी तुम्ही फुकट करून द्याल का, किती वर्षं, आणि चाचणी संपून केंद्र बंद झालं तर मी कुणाकडे जायचं? हे लेखी मागा. अँटिबॉडी पॉझिटिव्ह का येते याचं सहीशिक्क्याचं पत्र आणि ओळखपत्र मिळालंच पाहिजे. बाहेर कुठेही एचआयव्ही तपासणी करू नका, आमच्याकडेच या, असं केंद्र सांगत असेल तर ते योग्यच आहे.

तुमच्या हक्कांबद्दल थोडं. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर गरज असेपर्यंत, किंवा तिचा चाचणीशी संबंध नाही हे ठरेपर्यंत, उपचार फुकट, आणि इजा चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई. गंभीर काही घडलं तर चाचणीच्या डॉक्टरने ते २४ तासांत नियामकांना कळवावं लागतं. चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे हवेत, आणि त्यात कायदा जाणणारा व एक सामान्य नागरिक हवाच. प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर असते, ती कुणीही वाचू शकतं. नोंद सापडली नाही तर पुढे बोलूच नका.

हे सगळं आपल्या मुंबईत कुठून कुठे आलं ते आठवलं की मला या नियमांची किंमत जास्त कळते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती दिली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. हाफकिन यांच्या धैर्याबद्दल मला फार आदर आहे. पण कैद्याच्या 'हो' ला खरा 'हो' म्हणता येत नाही. आज कैद्यांना, किंवा साहेबाला नाही म्हणू न शकणाऱ्या कुणालाही, नियम खास संरक्षण देतात. तुमच्या बँकेतल्या वरिष्ठाने, कॉलेजातल्या सरांनी किंवा आमच्याच वॉर्डातल्या डॉक्टरने आग्रह केला म्हणून नाव देऊ नका. दिलेलं नाव कधीही, कारण न सांगता, मागे घेता येतं. त्यानंतरही तुमच्या सुरक्षिततेसाठी एखाद-दोनदा यायची विनंती आम्ही करू. ती मात्र मान्य करा.

पैशांसाठी येऊ नका. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई मिळते आणि ती एथिक्स कमिटीने मंजूर केलेली असते. त्यापलीकडे कुणी जास्तीचं आमिष दाखवत असेल तर ते धोक्याचं लक्षण आहे.

लेनाकॅपाविरसारखं एचआयव्हीची लागण टाळणारं इंजेक्शन आलं असताना लस हवीच कशाला, असंही हल्ली विचारतात. २०२४ मध्ये युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. हे वाचलं तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. पण ते दर सहा महिन्यांनी, धोका असेपर्यंत घेत राहावं लागतं. ज्या बाईला आपल्याला धोका आहे हे ठाऊकच नाही, कारण नवऱ्याने सांगितलेलं नाही, ती ते घ्यायला येणार कशी? एआरटीच्या ओपीडीत अशा बायका मी फार पाहिल्या. त्यांच्यासाठी लस हवी.

तेव्हा तुमच्यासारख्याने नाव द्यावं का? वर लिहिलेलं वाचूनही द्यावंसं वाटत असेल, पुढच्या काही वर्षांत आखाती नोकरीचा बेत नसेल आणि वर्षभर भेटींना येणं जमणार असेल, तर जरूर द्या. यातली एखादी गोष्ट जरी बसत नसेल तरी देऊ नका, त्यात कमीपणा काही नाही. सही तुमची एकट्याची असते, आईची परवानगी लागत नाही. तरीही पहिल्या भेटीला तिला बरोबर आणा, तुमची हरकत नसेल तर. "चांगल्या अंगात रोग कशाला" हे तिने डॉक्टरांनाच विचारू दे, आणि तिला कळेल अशा भाषेत उत्तर देण्याइतका वेळ तो डॉक्टर काढतो का ते बघा. काढत नसेल तर संमतीपत्र घरी घेऊन जा आणि सही करू नका.